सातव्या वळणावरून

मोसमाची शेवटची शर्यत मी कधीच पुरती पाहिली नाही.
बावीस वर्षं माझ्या वाट्याला सातवं वळण:
उजवीकडे झुकत गेलेला डांबराचा तुकडा,
पलीकडे टायरींची भिंत, तिच्यामागे पॉप्लरची रांग
आणि पॅटागोनियाचा वारा, जो कुणाच्याच बाजूचा नाही.
एक गाडी मला पाच सेकंद दिसते.
उरलेला दीड मिनिट ती दुसऱ्यांची.

हंगामात मी नासपती भरते,
एकेक फळ कागदात, देठ वर.
शर्यतीच्या रविवारी झेंडे.
पिवळ्याची शिवण दर डिसेंबरात उसवते,
ती मी गळाच्या दोऱ्यानं घालते.
साधा दोरा इथे एक दुपार टिकत नाही.

लिसांद्रो एचेगोयेन आज सहा गुणांनी पुढे होता.
बेकरीत त्याच्या नावाचा केक सकाळीच तयार होता,
काचेत, उन्हापासून जरा आत सरकवून.
आमच्या गावात बेकरी एकच आहे.

एकतिसाव्या फेरीला त्याचं मागचं चाक
वाळूवर गेलं. बोटभरच.
गाडी एकदा फिरली,
मग काही विसरल्यासारखी पुन्हा फिरली
आणि टायरींत पाठ घालून बसली.
आवाज फार नव्हता.
भरलेली कणगी कलंडावी, तेवढा.

मी झेंडा हलवला.
आता हात आधी हलतो, मन मागून येतं.
गालार्रेताची निळी गाडी आली,
त्यानं पिवळा पाहिला, वेग उतरवला,
शहाण्या मुलासारखा पुढे गेला. चौथा.
त्याला तिसरा यायचं होतं.

लिसांद्रो कुंपण ओलांडून आला
आणि माझ्या घडीच्या खुर्चीवर बसला, न विचारता.
हेल्मेट काढलं नाही.
मी माटेचा पेला पुढे केला तेव्हा काढावंच लागलं.
एवढासा चेहरा. कानाशी घामाचं मीठ.
मागे त्याच्या गाडीचा पत्रा निवत होता,
टिक्, टिक्, मध्येच बराच वेळ काही नाही.

“इथून एवढंच दिसतं?”
“एवढंच.”
“चार वर्षं मी इथून जातोय,” तो म्हणाला,
“ही झाडं कधी दिसली नाहीत.”
मग फक्त, दर फेरीला, “कितवा?”
मी रेडिओ कानाशी धरायची. चौथा. चौथा.
रेडिओत वारा जास्त, माणूस कमी.
झेंडा धरणाऱ्यानं कुणाचा पक्ष घ्यायचा नसतो.
तरी तो आकडा मी जरा मोठ्यानं सांगत होते,
आजाऱ्याला ताप उतरल्याचं सांगावं तसा.

अडतिसाव्या फेरीला तिसरी गाडी गेली
आणि तिच्यामागे एक पांढरी रेघ रेंगाळली,
दोरीवरून सुटलेल्या धाग्याइतकी.
कुणालाच अजून माहीत नव्हतं. रेडिओलाही नाही.
मग वास आला, जळक्या तेलाचा.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
तो गॅरेजवाल्याचा मुलगा, त्याला वास कळतो.
पेला त्यानं रिकामा करून परत दिला
आणि त्यानंतर “कितवा” विचारलं नाही.

चौकड्यांचा झेंडा तिकडे, सरळ रस्त्यावर हलतो.
तो मी आजवर हातात धरलेला नाही.
आम्हांला फक्त हॉर्न ऐकू येतात,
वारा फिरला तर लाउडस्पीकरचं अर्धं नाव.
“...र्रेता.”

तो उठला. मला वाटलं, चालत निघेल.
त्यानं माझा खराटा उचलला
आणि त्याच्या चाकांनी रस्त्यावर उधळलेली वाळू
कडेला लोटू लागला, कोपऱ्याकोपऱ्यानं.
“राहू दे,” मी म्हटलं, “आता मार्चपर्यंत इथे कोण येतंय?”
“माझीच आहे ना,” तो म्हणाला.
न्यायला मोटरसायकल आली तेव्हा निम्मं झालं होतं.
उरलेलं मी लोटलं.

संध्याकाळी बेकरीत केक काचेतच होता,
वरचं नाव सुरीनं खरवडलेलं,
पहिलं अक्षर अजून वाचता येईल असं.
“तू तर तिथेच होतीस, ओफेलिया,
नेमकं झालं काय?”
मी म्हटलं, पाव दे. उशीर झालाय.